नागपुरी दुपार आणि कुत्रा: पळता चेंडू घ्यावा की पोकळ रबरी खेळणे?

मे महिन्यात आमच्या घरची सेमिनरी हिल्सची फेरी सकाळी साडेसहाच्या आत आटोपावी लागते. पारा 45 अंशांकडे सरकू लागला की डांबरावर उलटा हात पाच-सात सेकंदही टेकवता येत नाही, मग कुत्र्याने तिथे अनवाणी चालावे ही अपेक्षाच चुकीची ठरते. दिवेलागणीपर्यंतचा सारा वेळ त्या जिवाला घरातच काढायचा असतो. माणसे कूलरसमोर आडवी होतात. तीन वर्षांच्या देशी कुत्रीला मात्र एवढी झोप नसते. आमच्या चिंगीसाठी मी गेल्या दोन उन्हाळ्यांत दोन प्रकारची खेळणी आलटून पालटून वापरली: एक, हात लागताच आपोआप पळू लागणारा चार्जिंगचा चेंडू, आणि दुसरे, आत खाऊ भरून द्यायचे पोकळ रबरी खेळणे. हाच पेच ज्यांच्यापुढे आहे, त्यांना या अनुभवाचा थोडाफार उपयोग होईल असे वाटते.

चेंडूचे श्रेय आधी मान्य करायला हवे. पहिल्या दिवशी चिंगीने त्याच्यामागे जी धाव घेतली, ती पाहून घरातली मुले तासभर मोबाइल विसरली. तो दिशा बदलतो, भिंतीला आपटून परत फिरतो, मध्येच थबकतो आणि पंजा लागला की पुन्हा सुटतो; पाठलाग हा ज्या कुत्र्याच्या रक्तातच आहे, त्याला यापेक्षा जास्त काही नको असते. तोंडात मावणार नाही एवढा मोठा आणि कवच टणक असलेला चेंडूच घ्यावा, कारण आतली बॅटरी कुत्र्याच्या दाताखाली येणे धोक्याचे असते.

माझे मन फिरले ते दिवाणामुळे. आमच्याकडे कोटा फरशी आहे आणि बैठकीत जुना, बुटका दिवाण आहे. दुपारी दोनच्या सुमारास चेंडू हमखास त्याच्याखाली शिरायचा आणि पायाला अडकून, थांबण्याऐवजी, तिथेच घरघरत राहायचा. चिंगी पोटावर सरपटत आत डोकवायची, पंजा पुरला नाही की भुंकायची, आणि तिचे भुंकणे ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर पाहायच्या. मग मी उठायचे, केरसुणीच्या दांड्याने चेंडू बाहेर काढायचा, आडवे व्हायचे, आणि दहा मिनिटांत तो कूलरच्या स्टँडखाली गेलेला असायचा. विटा लावून पाहिल्या, उशा लावून पाहिल्या; उशा चिंगीने फाडल्या. कुत्र्याने एकट्याने खेळावे म्हणून आणलेल्या वस्तूने मला एकाही दुपारी झोपू दिले नाही, ही तक्रार कदाचित फक्त आमच्या घरापुरती असेल, पण माझ्यापुरती ती निर्णायक ठरली.

पोकळ रबरी खेळण्याचा घाट आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मूळचा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतला. 1970 च्या दशकात जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावत असे. फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीत निघालेला एक रबरी भाग त्याने पसंत केला आणि त्यातून पुढे ‘कॉन्ग’ हे खेळणे झाले. माझ्याकडचे त्याच घाटाचे, पण दुसऱ्या बनावटीचे आहे. घेताना दोन्ही टोकांना भोक आहे ना, एवढे जरूर पाहावे. एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी होऊन जीभ अडकू शकते.

मी रात्री त्यात दहीभात, उकडलेला लाल भोपळा आणि किसलेले गाजर दाबून भरतो आणि ते फ्रीजरमध्ये ठेवतो. दुपारी दिल्यावर चिंगी ते दोन पंजांत धरून पाऊण तास चाटत बसते, आणि नंतर कूलरच्या झोतात आपसूक झोपते. धावून ती इतकी शांत होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. सुरुवातीला मात्र न गोठवता, सैल भरून द्यावे, नाहीतर कुत्रा वैतागून नाद सोडतो. मनुका, चॉकलेट, कांदा यांपैकी काहीही आत जाऊ नये, आणि शेंगदाण्याचे लोणी वापरायचे तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा, कुत्र्यांना विषारी असलेला गोड पदार्थ) नसल्याची खात्री करावी. भरलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करणेही आलेच.

त्रास इथेही आहेत. संपल्यावर तासाभरात मुंग्यांची रांग लागते, म्हणून आता हा कार्यक्रम मोरीजवळच्या जुन्या चटईवरच होतो. धुण्यासाठी बाटलीचा ब्रश लागतो. आईचा आक्षेप वेगळाच होता: बर्फाच्या ट्रेशेजारी कुत्र्याची वस्तू नको. झाकणाचा स्वतंत्र डबा आणल्यावर तो बराचसा मावळला.

ज्यांचे घर मोकळे आहे, फर्निचर जमिनीला टेकलेले आहे किंवा ज्यांचा कुत्रा खाण्याबाबत उदासीन आहे, त्यांनी चेंडूच घ्यावा असेही मी म्हणेन. वजन वाढलेल्या लॅब्रॅडॉरलाही पळणे जास्त मानवेल. आमचा चेंडू सध्या कपाटावर आहे. धरमपेठेतल्या एका मित्राने तो मागितला आहे, आणि त्याच्या घरी दिवाण नाही याची मी आधी चौकशी करून घेतली आहे.