चकचकीत नळी दाखवून विकलेली जळकी रायफल

जुनी टार्गेट रायफल घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. मला .२६४ विंचेस्टर मॅग्नम या काडतुसाची रायफल 'जेमतेम तीनशे गोळ्या झाल्यात' असं सांगून विकली गेली. कागदपत्रं चोख, लाकडावर ओरखडा नाही, तोंडाकडून टॉर्च मारला तर नळी आरशासारखी. विकणाऱ्याने त्याच टॉर्चवर सगळा सौदा रेटला.

नळी तोंडाकडून मरत नाही, मागून मरते. चेंबर (काडतूस बसतं तो मागचा भाग) संपून रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या सर्पिल खाचा) सुरू होतं त्या थ्रोटवर काडतुसातल्या जळत्या दारूचे वायू प्रचंड दाबाने आदळतात. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हे वायू त्याहून कितीतरी गरम असतात. स्पर्श क्षणभराचाच, पण दर गोळीला पृष्ठभाग तापतो, कडक होतो, तडकतो आणि झिजत जातो. वेगवान गोळी घासून नळी खाते असं बरेच जण समजतात. खरं नुकसान तो वेग देणाऱ्या दारूचं असतं. .३०८ या काडतुसात साधारण ४५ ग्रेन (सुमारे ३ ग्रॅम) दारू ७.६२ मिमीच्या नळीतून जाते. .२६४ मध्ये ६० ग्रेनच्या आसपास, आणि तीही ६.५ मिमीच्या भोकातून! म्हणूनच .३०८ ची नळी चार-पाच हजार गोळ्या अचूक चालते, तर .२६४ ची हजार-दीड हजारात थकते. भराभर मारल्या तर त्याआधीच. १९३५ साली आलेलं .२२० स्विफ्ट हे काडतूस ४००० फूट प्रति सेकंदाच्या पुढे गेलं, तेही नळ्या खाण्यासाठी तितकंच बदनाम झालं.

माझ्याकडे ग्रुप (गोळ्या जवळजवळ एकाच जागी लागणं) कधी जमायचा, कधी एखादी गोळी कारण नसताना भलतीकडे. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वेगही अपेक्षेपेक्षा कमी. शेवटी गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) नळीत बोरस्कोप, म्हणजे आतून बघायची बारीक दुर्बीण, घातला. चेंबरच्या पुढे आटलेल्या तळ्याच्या तळासारखी भेगांची जाळी, आणि रायफलिंगच्या कडा जिथे सुरू व्हायला हव्यात तिथे नुसता गुळगुळीत काळा पट्टा. तीनशे गोळ्यांत असं होत नाही.

विकणाऱ्याला हे माहीत होतं, हे मी ठामपणे म्हणतो. सौद्यात त्याने स्वतः भरलेली काडतुसं दिली होती. ती मॅगझिनमध्ये मावत नव्हती. 'एकेक भरून मारा, अचूकता वाढते,' असं त्याचं उत्तर. गनस्मिथने कॅलिपर लावला तेव्हा उलगडा झाला: गोळ्या केसमधून (काडतुसाच्या कवचातून) बाहेर ओढून बसवलेल्या होत्या. थ्रोट झिजून पुढे सरकला की रायफलिंग गाठायला असंच करावं लागतं. म्हणजे हा माणूस झिजेचा पाठलाग बराच काळ करत होता आणि मला मात्र कोरी नळी म्हणून सांगत होता. जाब विचारल्यावर 'जुना माल आहे, बघून घेतलात ना' म्हणाला. सरळसरळ लबाडी आहे ही, आणि नेमबाजांनी आपसात अशी करावी याचा मला फार राग येतो.

तेव्हा पैसे देण्याआधी बोरस्कोप मागा आणि तो चेंबरच्या बाजूने घाला. गोळ्यांचा आकडा ऐकलात तर तो कोणत्या काडतुसाचा, हे आधी विचारा; .३०८ च्या हजार आणि .२६४ च्या हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकणाऱ्याची स्वतःची काडतुसं मिळाली तर त्यांची लांबी प्रमाणित लांबीशी ताडून बघा. आणि गेज लावून गोळी रायफलिंगला कुठे टेकते ते गनस्मिथकडून मोजून घ्या. या मापात टॉर्चची चमक कामाला येत नाही.