उन्हाच्या बाल्कनीत काय लावावं: रोझमेरी-थाईम की बेसिल-टोमॅटो?

भूमध्य समुद्राभोवती उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे नेमकं उलट आहे. जूनपासून चार महिने पाऊस, आणि थंडी कोरडी. त्यामुळे बाल्कनीत इटालियन स्वयंपाकापुरती बाग करायची असेल, तर 'ऊन किती येतं' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं ते हे, की पावसाळ्यात कुंडी कोरडी ठेवता येईल का?

नर्सरीत 'हर्ब्स' म्हणून एकाच रॅकवर मांडलेली रोपं या प्रश्नावर दोन गटांत पडतात. रोझमेरी, थाईम, ओरेगानो, सेज हा एक, झुडपी गट. खोड लाकडी होत जातं, पानं बारीक किंवा लवदार, वाढ सावकाश, खत थोडं आणि मुळांना हवा भरपूर लागते. बेसिल, पार्सली, चेरी टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगं, झुकिनी हा दुसरा. ही रोपं भराभर वाढतात, पाणी आणि खत ओढतात आणि काही महिन्यांत संपतात. दोन्ही गट एकाच बाल्कनीत नांदतात, एकाच कुंडीत नाही. रोझमेरी आणि बेसिल शेजारी लावलेल्या तयार पेट्या दिसायला छान असतात, पण बेसिलला पुरेल इतकं पाणी घातलं तर रोझमेरी कुजते आणि रोझमेरीच्या हिशेबाने घातलं तर बेसिल माना टाकते.

| | रोझमेरी, थाईम, ओरेगानो | बेसिल | चेरी टोमॅटो |
|---|---|---|---|
| भांडं | ८ ते १० इंची मातीची कुंडी | ८ इंची कुंडी, ३ रोपं | १२ ते १५ इंची ग्रो बॅग, १ रोप |
| थेट ऊन | ६ तास | ४ ते ५ तास | किमान ६ तास |
| हिवाळ्यात पाणी | ३–४ दिवसांनी | एक दिवसाआड | बहुतेक रोज |
| खत | वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत | महिन्यातून एकदा | दर १५ दिवसांनी |
| लागवड | ऑक्टोबर–नोव्हेंबर | मुसळधार पाऊस सोडून कधीही | बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर |
| टिकतं किती | पावसाळा निभावला तर काही वर्षं | ४–५ महिने | ५–६ महिने |

बाल्कनी कुठल्या तोंडाची?

दक्षिणेची बाल्कनी या बागेला सगळ्यात सोयीची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पार भिंतीपर्यंत आत येतं. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात वरच्या स्लॅबची सावली फुकटात मिळते. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन बेसिल आणि पार्सलीला पुरतं, टोमॅटोला मात्र कमी पडतं. पश्चिमेची बाल्कनी अवघड: एप्रिलमध्ये दुपारी तीनचं ऊन काळी प्लॅस्टिक कुंडी मुळांना चटका बसेल इतकी तापवतं आणि जूनपासून नैऋत्येचा पाऊस थेट आत मारतो. तिथे झुडपी गट लावायचाच असेल, तर पावसाळ्यात कुंड्या उचलून भिंतीलगत किंवा खिडकीच्या आत नेता येतील एवढ्याच आकाराच्या घ्या.

वजनाचा विचार कुंडी भरण्याआधी करा. १२ बाय १२ इंची ग्रो बॅगेत साधारण २२ लिटर मिश्रण मावतं, १५ बाय १५ मध्ये ४० लिटरच्या वर. पाणी प्यायलेली मोठी बॅग ४० किलोच्या पुढे सहज जाते. अशा बॅगा कठड्याला लटकवायच्या नाहीत, इमारतीच्या भिंतीला चिकटून ठेवायच्या. कठड्यावरच्या हलक्या कुंड्यांत थाईम ठेवा. त्याची मुळं उथळ असतात आणि ६ इंचांतही तो तग धरतो.

झुडपी गट: लावायला सोपा, राखायला कठीण

रोझमेरी मरते ती बहुतेक वेळा लाडाने. पाणी जास्त झालं की शेंडे तपकिरी पडतात आणि पानं गळतात. पाणी कमी पडलं तरी तेच दिसतं. मग माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून पानं बघून पाणी घालू नका. बोट दोन इंच खुपसून बघा किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. वरची दोन इंच माती कोरडी असेल तरच खालून पाणी वाहेपर्यंत घाला आणि बशीतलं पाणी ओतून द्या. पावसाळ्यात बशी काढूनच ठेवा.

मिश्रणात काळी माती नको. लाल माती दोन भाग, जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) दोन भाग, गांडूळखत एक भाग एवढं पुरे. वर पालापाचोळ्याऐवजी बारीक खडीचा थर द्या, म्हणजे खोडाशी ओल साचत नाही. मातीची कुंडी इथे खरंच उपयोगी पडते, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडून जाते.

नर्सरीतून आणलेल्या रोपाभोवती बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा असतो. तो तसाच मातीत पुरला, तर भोवतीची माती सुकते आणि गोळा आतून ओला राहतो. दोन-तीन महिने ठणठणीत दिसलेलं रोप जुलैत एकाएकी जातं, त्यामागे अनेकदा हे कारण असतं. कुंडी बदलताना बाहेरचं निम्मं कोकोपीट बोटांनी अलगद मोकळं करून काढा.

बियांच्या नादी लागू नका. रोझमेरीचं बी उगवायला फार वेळ लागतो आणि बरंच उगवतही नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत १० सेंटीमीटरची कोवळी फांदी घ्या, खालची निम्मी पानं काढा आणि वाळू-कोकोपीटच्या सारख्या मिश्रणात सावलीत खोचा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. दोन-तीन जास्तीची कलमं करून ठेवणं हा पावसाळ्याचा विमा. छाटणी एकावेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि पानं नसलेल्या जुन्या लाकडात तर कात्री लावूच नका. तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही.

या गटात ओरेगानो सगळ्यात काटक, त्यानंतर थाईम. सेजला दमट हवा मानवत नाही. लॅव्हेंडर फक्त फोटोसाठी आणत असाल तर आणा. कोकणपट्टीत तो एका मोसमाचा पाहुणा समजा.

बेसिल: नवख्यासाठी हीच

बेसिल मूळची उष्ण प्रदेशातली, इटलीने ती पुढे आपलीशी केली. त्यामुळे इथल्या हवेत ती परकी नाही. फालुद्यातला सब्जा म्हणजे याच जातीच्या झाडाचं बी. किराणा दुकानातला सब्जा पेरला तर रोप येईल, पण पान लहान आणि वास उग्र असतो. पेस्टोसाठी, म्हणजे बेसिलच्या पानांच्या इटालियन सॉससाठी, जेनोव्हीज वाणाचं बी घ्या.

बी मातीवर भुरभुरा, वर जेमतेम मातीचा हात फिरवा; आठवड्याभरात उगवतं. पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. पुढेही कापताना नुसती मोठी पानं ओरबाडायची नाहीत, पानांच्या जोडीच्या वर फांदी कापायची. तुरा दिसताच खुडा, नाहीतर पानं लहान आणि कडवट होत जातात. चौघांच्या पास्त्याला पेस्टो करायचा तर ५०–६० ग्रॅम पानं लागतात, म्हणजे एका रोपाने भागत नाही. ८ इंची दोन कुंड्या ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकीत नवं बी टाका. कापलेली फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी आठ-दहा दिवसांत मुळं सोडते. पुणे-नाशिककडे रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की पानं काळी पडतात. त्या रात्री कुंडी घरात घ्या.

टोमॅटो आणि मंडळी

टोमॅटोला मोठं भांडं, पाच फुटी काठी आणि रोजची हजेरी लागते. मिश्रण कोकोपीट, गांडूळखत आणि माती सम प्रमाणात, त्यात मूठभर निंबोळी पेंड. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. ऊन चांगलं असेल तर एका रोपाला दोन किलोच्या आसपास फळ धरायला हरकत नाही.

फळाचा तळ काळा पडला की लोक अंड्याची टरफलं टाकतात. मातीत बहुधा कॅल्शियम असतंच. पाणी कधी पूर कधी दुष्काळ झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. मार्चमध्ये मोठ्या बॅगेला दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागतं. सुट्टीला आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी ठिबकची सोय केल्याशिवाय टोमॅटो लावू नये. पानं आकसून गोळा होऊ लागली, तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही, रोप उपटा. पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावलेले बरे. रात्री गरम होऊ लागल्या की, साधारण एप्रिलपासून, फुलं नुसती गळतात. तेव्हा खत वाढवून काही होत नाही.

वांगं आणि ढोबळी मिरची याच पद्धतीने, फक्त पिठ्या ढेकणावर (कापसासारख्या पांढऱ्या किडीवर) डोळा ठेवा. झुकिनी मात्र बाल्कनीत नकोच. एक रोप तीन फूट जागा खातं, नर आणि मादी फुलं एकाच सकाळी उमलायला हवीत, आठव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येते, आणि इतकं करून पानांवर भुरी (पांढरी बुरशी) ठरलेली. टोमॅटोचं तसं नाही: सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारली तरी फळ धरतं.

मग कोणी काय निवडावं?

पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि वर स्लॅब असलेली दक्षिणेची बाल्कनी: रोझमेरी, ओरेगानो आणि थाईम प्रत्येकी एक, बेसिलच्या दोन कुंड्या, जागा उरली तर एक टोमॅटो. नागपूर-अकोल्याकडे हिवाळा टोमॅटोला उत्तम आहे, पण एप्रिलपासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावीच लागेल. रोज पाणी घालायला वेळ नसेल तर टोमॅटो सोडून झुडपी गट घ्या. पाणी घातल्याशिवाय हात स्वस्थ बसत नसतील तर बेसिल.

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळी दमटपणा रोझमेरीला झेपत नाही. ती नोव्हेंबरात आणून मेपर्यंत वापरायची, पुढे जगली तर फायदा. तिथे दोन पर्याय जास्त भरवशाचे आहेत. एक मरवा: गजऱ्यात गुंफतात तोच, ओरेगानोचा सख्खा भाऊ, पिझ्झा-पास्त्यावर चालतो. त्यालाही निचरा हवा. रोप नर्सरीतूनच घ्या. फुलवाल्याकडच्या जुड्या खाण्यासाठी पिकवलेल्या नसतात. दुसरा पानओवा. तो ओरेगानोच्याच कुळातला, आणि ओरेगानोला वास देणारं कार्व्हाक्रोल हे द्रव्य त्यातही आहे. जाड पानं बारीक चिरून टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवा, वरून कच्ची टाकू नका, उग्र लागतात. शेजाऱ्याकडून चार बोटं लांबीची काडी मागून आणा आणि ओल्या मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत ती रुजते.