डॉटनेट पब्लिशचं 'मायनस आर': काम चोख, फक्त डिफॉल्टवर भरवसा नको

डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टची अ‍ॅप बनवायची यंत्रणा, पब्लिश ही तिची अ‍ॅप वाटपासाठी तयार करणारी कमांड, आणि मायनस आर (-r) म्हणजे अ‍ॅप कुठल्या ओएस आणि प्रोसेसरसाठी हवं ते सांगणारा पर्याय. दोनेक वर्षं वापरतोय, माझ्याकडून पाचात चार.

आमचं दुकानांसाठीचं छोटं बिलिंग अ‍ॅप आहे, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, चालणार फक्त विंडोजवर आणि तेही ६४ बिटवाल्या. तरी नुसतं डॉटनेट पब्लिश मारलं की आउटपुटमध्ये रनटाइम्स नावाचं फोल्डर येतं आणि त्यात एसक्यूलाइटच्या फाइली मॅक, लिनक्स, एआरएम (प्रोसेसरचा वेगळा प्रकार) असं सगळ्यांचं बिऱ्हाड. एकदा आत डोकावलो तर लिनक्स-एस३९०एक्स दिसलं, हे काय म्हणून शोधलं तर आयबीएमचा मेनफ्रेम निघाला! किराणा दुकानाच्या बिलाबरोबर मेनफ्रेमची फाइल, घ्या आता.

उपाय एका ओळीचा. कमांडला मायनस आर विन-एक्स६४ जोडायचं, नाहीतर हेच नाव रनटाइम आयडेंटिफायर म्हणून प्रोजेक्ट फाइलमध्येच लिहून टाकायचा. ते फोल्डर गायब होतं आणि आपल्याला लागणारी एसक्यूलाइटची एकच डीएलएल (लायब्ररीची फाइल) थेट एक्सईच्या शेजारी येऊन बसते. विंडोजवर बसून लिनक्ससाठीचं आउटपुटही असंच निघतं, फक्त नेटिव्ह एओटी (अ‍ॅप आधीच थेट मशीन कोडमध्ये बदलणं) असेल तर नाही, तिथे ज्या ओएससाठी हवं त्याच ओएसवर बिल्ड करावं लागतं. सीएस, डीई, एफआर वगैरे भाषांची फोल्डरं मात्र याने जात नाहीत हां, ती पॅकेजसोबत येतात, त्यासाठी सॅटेलाइट रिसोर्स लँग्वेजेस ही वेगळी प्रॉपर्टी आहे.

एक स्टार कापला तो डिफॉल्टसाठी. आधी मायनस आर दिलं की अ‍ॅप आपोआप सेल्फ-कंटेन्ड व्हायचं म्हणजे अख्खा रनटाइम (अ‍ॅप चालवायला लागणारा डॉटनेटचा भाग) सोबत, साधं हॅलो वर्ल्ड पण ६०-७० एमबीच्या घरात. डॉटनेट ८ पासून (नोव्हेंबर २०२३) हे उलटं झालं, आता मुद्दाम सांगितल्याशिवाय रनटाइम येत नाही. मी ८ वर गेलो, आउटपुट एकदम बारीक झालं म्हणून खूश होऊन तसंच पाठवून दिलं आणि दुकानदाराचा फोन, अहो हे आधी डॉटनेट इन्स्टॉल करा म्हणतंय! रिलीज नोट्स न वाचल्याचं फळ, चूक माझीच. तेव्हापासून सेल्फ-कंटेन्ड ट्रू की फॉल्स ते दरवेळी लिहितोच. त्याच ८ मध्ये विन१०-एक्स६४ हे जुनं नाव पण एरर द्यायला लागलं, नुसतं विन-एक्स६४ लिहा.

अल्पाइनचा (लिनक्सचा एक छोटा प्रकार, तो मसल नावाची वेगळी सी लायब्ररी वापरतो) कंटेनर असेल तर लिनक्स-एक्स६४ नाही, लिनक्स-मसल-एक्स६४ द्यायचं. मी साधं दिलं होतं तर फाइल डोळ्यासमोर दिसत असताना नॉट फाउंड म्हणत होतं, अर्धा दिवस त्यात गेला. आणि विंडोजवरून लिनक्सला फाइल नेली तर सीएचमॉड प्लस एक्स (फाइल चालवायची परवानगी देणारी कमांड) मारायचं विसरू नका, मी अजून विसरतो.