बॅकअप लावून देणाऱ्याला आधी केबल काढायला सांगा

सांगलीत आमचा छोटा प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेडं, निवडणूक लागली की पत्रकं. कोरल ड्रॉच्या फायली, श्रीलिपीतलं जुनं कंपोझिंग, टॅलीचा हिशेब, सगळं खालच्या एकाच कॉम्प्युटरवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तळमजल्यावर महत्त्वाचं काही ठेवायचं म्हटलं की आमच्याकडे पोटात गोळा येतो. म्हणून दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, "काका, माळ्यावर दुसरा कॉम्प्युटर ठेवू, लॅनने जोडू, रोज रात्री आठला आपोआप बॅकअप होईल," तेव्हा ते पटलं. बेतात आजही खोट नाही. ज्या कामाचे पैसे घेतले ते काम मात्र त्यानं केलंच नाही.

बिलात जुना कॉम्प्युटर, केबल, स्विच, वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) आणि वेगळ्या ओळीत 'ऑटो बॅकअप सॉफ्टवेअर लायसन्स'. मग त्यानं करून दाखवलं. माळ्यावर 'बॅकअप' नावाचं फोल्डर उघडलं, आत आमची सगळी फोल्डरं. एका पत्रिकेची फाईल उघडून दिली, टॅलीही दाखवलं. रात्री आठला वरच्या स्क्रीनवर काळी खिडकी यायची, काही सेकंद 'बॅकअप चालू आहे' असं इंग्रजीत दिसायचं, मग 'कम्प्लीट'. मुलगी वरच बसून प्रुफं तपासते, तिला ती खिडकी पाठ झाली होती. महिन्याकाठी त्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज: "बॅकअप ओके काका."

ऐन लग्नसराईत खालची हार्डडिस्क टकटक आवाज करायला लागली आणि बसली. आम्ही निवांत वर गेलो. फोल्डर दिसत होतं, पण आतल्या कशावरही क्लिक केलं की नेटवर्कवर कॉम्प्युटर सापडत नसल्याची सूचना. तेव्हा मुलीनं दाखवलं: प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. ते सगळे शॉर्टकट होते, म्हणजे खालच्या फोल्डरांकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या खुणा. दाखवताना त्यानं उघडलेली फाईल केबलमधून खालच्याच डिस्कवरून आली होती.

एवढ्यावर हलगर्जीपणा म्हणून सोडलं असतं. पण आठ वाजताच्या खिडकीमागची बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, वरच होती, ती नोटपॅडमध्ये उघडली. आत कॉपीची आज्ञाच नाही. एक वाक्य दाखव, थोडं थांब, दुसरं वाक्य दाखव, बंद हो. संपलं. हे चुकून होत नाही, बसून लिहावं लागतं. आणि लायसन्स कशाचं? विंडोजमध्ये फायली कॉपी करणारं रोबोकॉपी फुकटच येतं. त्याची एक साधी ओळ लिहिली असती तरी आमचं काम झालं असतं. फोनवर त्याचं उत्तर काय, तर "व्हायरस आला असेल काका." त्यानंतर फोन उचलणं बंद.

तुमच्याकडे कुणी अशी सोय करून दिली असेल तर आज मूळ कॉम्प्युटर बंद करा, नाहीतर केबल उपसा, आणि मग दुसऱ्यावर फाईल उघडून बघा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये साईज बघा: मूळ जीबीत आणि बॅकअप केबीत असेल तर उत्तर तिथंच आहे. टॅलीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटच्या व्हाउचरची तारीख वाचा. आणि टॅली उघडं असताना डेटा कॉपी करू देऊ नका.

नव्या माणसानं आमच्याकडे उलटा मार्ग लावलाय: वरचा कॉम्प्युटर खालून फायली ओढून घेतो, खालच्याला वरती लिहायची परवानगीच नाही. कारण खंडणी मागणारा व्हायरस आला तर लिहिता येतील ती शेअर केलेली फोल्डरंही तो कुलूपबंद करतो. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा तसलाच व्हायरस तर नेटवर्कवरूनच एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला होता. रोबोकॉपीतला 'मिरर' पर्याय जपून वापरा, मूळ जागी पुसलेली फाईल तो कॉपीतूनही पुसतो. म्हणून आम्ही तारखेवार फोल्डरं ठेवतो, शिवाय आठवड्याला बाहेरची एक डिस्क, जी काम झालं की काढून कपाटात जाते.

आमचं किती परत मिळालं? विक्रीचा हिशेब जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्रावरून, खरेदीचा तिथल्याच जीएसटीआर-२बी वरून बराचसा उभा राहिला, जुना टॅली डेटा सीएंकडे होता. तेही हवंच होतं, जीएसटीचा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावा लागतो. पत्रिकांचे पीडीएफ गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅपवरून मागवले. श्रीलिपीतली जुनी कंपोझिंगं गेली ती गेलीच.

तक्रारीचं म्हणाल, तर धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं कुणीतरी ऐकवतंच. पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेल्या छोट्या व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूंना तरी २०१९ च्या कायद्यात सूट आहे, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. त्यासाठी बिल, ते 'ओके काका'चे मेसेज आणि बॅच फाईलचा फोटो जपून ठेवलाय. आमचं ऐकून पलीकडच्या झेरॉक्सवाल्यांनीही केबल उपसून बघितली. त्यांच्या फोल्डरांवरही बाण निघाले, एएमसी त्याच मुलाची. आता ते आणि मी मिळून वकिलांकडे जातोय.