कोडी सोडवायला आधी काय: तराजू, पट्ट्या की अक्षरं?

इंदुरात घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, अशी तिसरी ते पाचवीची मुलं मी शिकवते. बीजगणिताची सुरुवात कशानं करावी, हे पालक नेहमी विचारतात.

आधी मुलाला एवढंच द्या: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आले, तर तराजूच घ्या. त्याच्या लेखी ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’. एका पारड्यात शेवेच्या दोन सारख्या पुड्या आणि १०० ग्रॅमचं वजन ठेवा, दुसऱ्यात २०० आणि १००. दोन्हीकडची शंभराची वजनं मुलालाच उचलू द्या. पुडी केवढ्याची, ते मग तेच सांगतं. मात्र ‘एका संख्येतून ३ वजा केले’ हे पारड्यात ठेवता येत नाही.

शाब्दिक कोड्यांना पट्ट्या बऱ्या, म्हणजे संख्या दाखवायला कागदावर काढलेले लांबट चौकोन. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून त्या वापरतात. दोघांच्या मिळून ४० गोट्या, दादाच्या ८ जास्त. पुष्कळ मुलं २० मध्ये ८ मिळवून २८ आणि १२ सांगतात. पट्ट्या एकाखाली एक काढल्या की दादाच्या पट्टीचं शेपूट दिसतं. ते आधी कापायचं, उरलेल्या ३२ चे निम्मे १६, दादाच्या २४. ‘तिप्पट’ आणि ‘तीन गुना’मध्ये अडखळणाऱ्या आमच्या मुलांना हे चित्र फार उपयोगी पडतं.

अक्षरांची घाई नको. एक्स गुणिलेच्या चिन्हासारखा दिसतो. ‘ल म्हणजे लाडू’ हेही शिकवू नका. ल ही लाडवांची संख्या आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. मीही आधी निळी चौकट रंगवून घेते, नंतर नुसतं ‘नी’.

पण एक काम अक्षरांनाच जमतं. मनात संख्या धर, दुप्पट कर, ६ मिळव, निम्मे कर, धरलेली संख्या वजा कर. दर वेळी ३ का? तराजू एकाच संख्येचं उत्तर देतो. चौथीतल्या एका मुलीनं ओळीनं लिहिलं: नी, २ नी, २ नी + ६, नी + ३. मग ‘नी’वर काट मारून म्हणाली, “ताई, कुठलीही धरा, ती जातेच!”