लाव्हानवरचे एसईएम : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः डिग्रीज ऑफ फ्रीडमविषयी

आमच्या सशुल्क एसईएम (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे अनेक चलांमधील संबंधांचे मॉडेल माहितीवर तपासण्याची सांख्यिकी पद्धत) सॉफ्टवेअरचा परवाना शोधनिबंधाची दुरुस्ती चालू असतानाच संपला. नूतनीकरणाची विनंती विक्रेत्याकडे पडून राहिली आणि तोवर आधीच्या मॉडेलच्या फायली उघडण्याचीही सोय उरली नाही. दरवर्षी पैसे मोजूनही आपल्याच कामाला कुलूप लागावे, हे मला अजिबात पटले नाही, म्हणून मी आर या मोफत सांख्यिकी संगणकभाषेतील लाव्हान पॅकेजकडे वळले. गेंट विद्यापीठातील ईव्ह रोसेल यांनी ते विकसित केले असून त्यावरचा त्यांचा लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि स्वतःच्या खिशातून संशोधन करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला माझे मत फारसे अनुकूल नव्हते. बाण ओढून मॉडेल तयार करण्याची सवय झालेल्याला समीकरणे टंकित करणे त्रासाचे वाटते, आणि निकालही साध्या मजकुरात, लांबच लांब येतो. हे मत बदलले ते त्या निकालाच्या वरच्या काही ओळींमुळे. किती प्राचलांचा (मॉडेलमधील अज्ञात संख्यांचा) अंदाज काढला, एकूण नोंदींपैकी किती वापरल्या, काय-स्क्वेअर (मॉडेल आणि माहिती यांच्यातील तफावतीचे माप) किती आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (डीएफ, म्हणजे माहितीतून मिळणाऱ्या आकड्यांच्या संख्येतून प्राचलांची संख्या वजा केल्यावर उरणारा आकडा) किती, हे सारे तिथे मागण्याआधीच समोर येते. गहाळ उत्तरे असलेल्या नोंदी लाव्हान मूळ मांडणीत पूर्णपणे वगळते, पण ‘वापरलेल्या’ आणि ‘एकूण’ असे दोन आकडे शेजारी छापून ते उघडपणे सांगतेही. हे दोन्ही आकडे निबंधात जसेच्या तसे यायला हवेत.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती डिग्रीज ऑफ फ्रीडमची ओळ, आणि आपल्याकडच्या निबंधांत नेमकी तीच गाळली जाते. सीएफआय, आरएमएसईए, एसआरएमआर या फिट-निर्देशांकांचा (मॉडेल माहितीशी किती जुळते हे सांगणाऱ्या आकड्यांचा) तक्ता असतो, शेजारी हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या लेखातील ०.९५, ०.०६ आणि ०.०८ या मर्यादा असतात, काय-स्क्वेअर भागिले डीएफ हे गुणोत्तरही असते. पण भागाकार ज्याने केला तो आकडा नसतो. त्यामुळे वाचकाला मॉडेल तपासण्याचा मार्गच उरत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. कामाचा ताण, थकवा आणि नोकरी सोडण्याचा विचार अशी तीन लेटंट (थेट न मोजता प्रश्नांवरून ताडलेली) चले आहेत आणि प्रत्येकासाठी चार प्रश्न आहेत. बारा प्रश्नांची विचरणे (एकेका प्रश्नाची उत्तरे किती पसरली आहेत याची मापे) आणि सहविचरणे (दोन प्रश्नांची उत्तरे किती एकत्र बदलतात याची मापे) मिळून ७८ होतात. मापन मॉडेलमध्ये (कोणता प्रश्न कोणते चल मोजतो हे सांगणाऱ्या मॉडेलमध्ये) नऊ मुक्त लोडिंग (चल आणि प्रश्न यांना जोडणारे गुणांक; प्रत्येक चलाचे पहिले १ वर स्थिर असते), बारा त्रुटी-विचरणे, तीन घटक-विचरणे आणि तीन सहविचरणे, म्हणजे २७ प्राचले; डीएफ ५१. आता निबंधात ४८ छापलेले दिसले, तर मॉडिफिकेशन इंडेक्स (कोणता संबंध जोडल्यास फिट सुधारेल हे सुचवणारा आकडा) पाहून कुठेतरी तीन त्रुटी-सहसंबंध जोडले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते कोणते व का जोडले हे लेखकाने सांगणे भाग आहे. ६६ दिसले, तर चुकून बेसलाइन मॉडेलची (प्रश्नांमध्ये काहीच संबंध नाही असे मानणाऱ्या मॉडेलची) ओळ उचलली गेली असावी, कारण लाव्हानच्या निकालात ती मूळ मॉडेलच्या लगेच खाली येते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ताणाकडून थकव्याकडे, थकव्याकडून नोकरी सोडण्याच्या विचाराकडे आणि ताणाकडून थेट त्या विचाराकडे असे तिन्ही मार्ग ठेवले, तर संरचनात्मक मॉडेलचाही डीएफ ५१च राहतो आणि फिट मापन मॉडेलइतकाच येतो. म्हणजे ‘संरचनात्मक मॉडेलचा फिट उत्तम, म्हणून गृहीतके सिद्ध’ हे वाक्य अशा निबंधात निराधार ठरते. त्या फिटने कारण-संबंधांविषयी काहीही तपासलेले नसते. थेट मार्ग काढला की डीएफ ५२ होतो आणि तेव्हाच त्या एका बंधनाची परीक्षा होते. ५१ आणि ५२ यांच्यातला हा फरक ज्या तक्त्यात दिसत नाही, त्या तक्त्यातील सीएफआयवर मी आता विसंबत नाही.

तक्रारीही आहेत. प्रमाणित (एकाच मापपट्टीवर आणलेल्या) गुणांकांचा स्तंभ आणि सांख्यिकी लक्षणीयता ठरवणाऱ्या पी-मूल्याचा स्तंभ एकाच ओळीत येतात, पण ते पी-मूल्य अप्रमाणित गुणांकाचे असते. प्रमाणित गुणांकांची प्रमाण-त्रुटी आणि पी-मूल्य वेगळी आज्ञा देऊन मागवावी लागतात, आणि बहुतेक जण ती देत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे लोडिंग १ वर स्थिर केलेले असल्यामुळे त्यापुढे पी-मूल्य येत नाही. तरीही समीक्षक ते हमखास मागतात. रोबस्ट पद्धत (उत्तरे सामान्य वितरणात नसतानाही चालणारी) निवडली की आरएमएसईएचे साधे, स्केल्ड आणि रोबस्ट असे तीन आकडे येतात आणि त्यांतला कोणता छापला हे निबंधात क्वचितच लिहिले जाते. छापण्याजोग्या आकृतीसाठी मी सेमप्लॉट हे वेगळे पॅकेज वापरते. त्यातील बाण व अक्षरे नीट बसवण्यात बराच वेळ जातो.

तरीही मी सशुल्क सॉफ्टवेअरकडे परत जाणार नाही. ज्या टंकनाचा मला आधी त्रास वाटत होता, तोच मजकूर आता मी सहविचरण-सारणीसह निबंधाच्या परिशिष्टात जोडते. मॉडेलच्या मोजक्या ओळी आणि ती सारणी हाती असली की कोणताही वाचक माझा डीएफ स्वतः मोजू शकतो आणि परवाना विकत न घेता तेच विश्लेषण पुन्हा करून पाहू शकतो.