काफ्काची हस्तलिखितं बघायचीत? ऑक्सफर्ड, मारबाख की जेरुसलेम

माझ्यामागे सगळं लिखाण जाळून टाक असं प्रागचा जर्मन भाषेत लिहिणारा लेखक काफ्का मित्राला सांगून गेला होता. त्या मित्राने, मॅक्स ब्रॉडने, ऐकलं नाही, उलट १९३९ मध्ये प्राग सोडताना कागद बॅगेत भरून पॅलेस्टाइनला नेले. पुढे ते तीन देशांत विखुरले, म्हणून आज आपल्याला तीन ठिकाणचे नियम वाचत बसावे लागतात.

"कुठलं आर्काइव्ह (मूळ कागद जपणारी संस्था) बरं" असं विचारण्याआधी तुमचं काम कशावर आहे ते बघा. 'द कॅसल' ही कादंबरी किंवा 'मेटामॉर्फॉसिस' ही कथा असेल तर ऑक्सफर्डची बोडलियन लायब्ररी, 'द ट्रायल' ही कादंबरी असेल तर जर्मनीत मारबाखचं साहित्य-आर्काइव्ह. आणि आपल्या पासपोर्टवर यूकेचा व्हिसा वेगळा, जर्मनीचा शेंगेन वेगळा, त्यामुळे एका फेरीत दोन्ही उरकू म्हणत असाल तर आधी खर्च मांडा.

बोडलियनमध्ये बाहेरच्या माणसाला रीडर कार्ड काढावं लागतं, म्हणजे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि इथलंच साहित्य का हवंय याचं कारण. मग एक प्रतिज्ञा मोठ्याने वाचायची, त्यात लायब्ररीत आग किंवा ज्योत पेटवणार नाही असंही कबूल करायचं असतं. ज्याने जाळायला सांगितलं त्याचेच कागद बघायला जाताना हे म्हणायचं, काफ्काला आवडलं असतं! आत पेन नाही, फक्त पेन्सिल. 'द कॅसल' त्याने आधी 'मी' धरून लिहायला घेतली, नंतर मागे जाऊन 'मी' खोडून 'के.' (नायकाचं नाव) केलं, त्या खोडाखोडी त्या वह्यांत आहेत. पण खरं सांगू का, पानन्‌पान फोटो छापलेली जर्मन आवृत्ती मिळते, तिच्यातही हे दिसतं.

मारबाखचं मला जास्त पटतं. 'द ट्रायल'चं हस्तलिखित १९८८ मध्ये लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांना गेलं आणि इथे आलं. १६१ सुटी पानं, वह्यांतून काढून प्रकरणांप्रमाणे वेगळी केलेली, आणि प्रकरणांचा क्रम काय यावर अजून वाद. तुम्ही त्या क्रमावर काम करत असाल तर कागद, फाटलेली कड, शाई हे प्रत्यक्षच बघायला हवं, फोटोवर भागत नाही. नुसती हौस असेल तर रीडिंग रूमच्या भानगडीत पडू नका, शेजारीच टेकडीवर साहित्याचं म्युझियम आहे, तिकीट काढा, फक्त सध्या काय मांडलंय ते विचारून जा. स्टुटगार्टहून लोकल ट्रेन आहे.

जेरुसलेमला मात्र जायची गरजच नाही बहुतेकांना. ब्रॉडकडच्या कागदांवरून इस्रायलमधली कोर्टकचेरी २०१६ पर्यंत चालली, झुरिकच्या बँकेच्या तिजोऱ्यांतला शेवटचा गठ्ठा २०१९ मध्ये आला, आणि २०२१ मध्ये तिथल्या नॅशनल लायब्ररीने ब्रॉडकडची पत्रं, काफ्काची चित्रं, त्याची हिब्रूची वही सगळं ऑनलाइन टाकलं, फुकट. ती वही जरूर बघा, शाळेतल्या पोरासारखे हिब्रू शब्द आणि समोर जर्मन अर्थ. माझं ऐकाल तर सुरुवात इथूनच करा, घरबसल्या.

आणि जायचंच ठरलं तर मेलमध्ये "काफ्का बघायचाय" एवढंच लिहू नका. वही कुठली, पानं कुठली, आणि छापील फोटोंत काय दिसत नाही म्हणून मूळ कागद हवाय, ते लिहा.